वाढती चरबी, धुमसती चरबी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशेबातले वजन, अगदी सारखा होता: २२.३. तक्त्यात पाहिले तर दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही नोंद ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

वजनकाट्याला न दिसणारी चरबी मोजणाऱ्या यंत्राला दिसते. मात्र यंत्रालाही एक गोष्ट कळत नाही. ती चरबी कोणत्या अवस्थेत आहे? शांतपणे आपले काम करते आहे, की आतून धुमसते आहे? सारखीच जाडी असलेल्या दोन माणसांपैकी एकाला मधुमेह होतो आणि दुसरा सत्तरीतही बिनधास्त असतो, याचे निदान अर्धे तरी उत्तर त्या अवस्थेत दडलेले आहे. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ रेणूंच्या एका जुन्या घराण्यापर्यंत येऊन पोहोचले. पेशींना ‘वाढा’, ‘विभागा’, ‘रूप बदला’ असे हुकूम देणारे हे रेणू म्हणजे ग्रोथ फॅक्टर. मराठीत त्यांना वृद्धिघटक म्हणता येईल.

साठवण करणारा अवयव

चरबीकडे विज्ञानाने फार काळ गंभीरपणे पाहिलेच नाही. शस्त्रक्रियेत बाजूला सारायची, शवविच्छेदनात खरवडून टाकायची पिवळट वस्तू, एवढीच तिची ओळख. तिच्यातल्या पेशी सुट्या करून तपासणेही कठीण होते. १९६४ साली अमेरिकेत मार्टिन रॉडबेल यांनी उंदरांच्या चरबीवर कोलॅजिनेज नावाचे विकर वापरले. पेशींना बांधून ठेवणारे तंतू त्याने विरघळले आणि एक सोयीची गोष्ट घडली. तेलाने भरलेल्या मेदपेशी द्रवावर तरंगू लागल्या आणि बाकीच्या तळाशी बसल्या. आजही लायपोसक्शन किंवा बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत निघालेली माणसाची चरबी प्रयोगशाळेत आली, की पहिली पायरी साधारण हीच असते.

तळाशी बसलेल्या पेशींची गर्दी बघण्यासारखी असते. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात, तंतू विणणाऱ्या पेशी असतात आणि पुढे मेदपेशी होऊ शकतील अशा पूर्वपेशीही असतात. म्हणजे चरबी हा नुसता तेलाचा साठा नसून पुष्कळ प्रकारच्या पेशींनी मिळून चालवलेला अवयव आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने लेप्टिनचा जनुक शोधला. चरबी मेंदूला ‘पुरे झाले’ असा निरोप पाठवते हे त्यातून कळले आणि चरबीकडे संप्रेरके स्रवणारा अवयव म्हणून बघणे भाग पडले.

चरबी वाईटच, हा समजही या संशोधनाने मोडला. लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच. अशी माणसे निरोगी असायला हवीत, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यांना तीव्र मधुमेह होतो, यकृतात चरबी साचते आणि रक्तातली मेदद्रव्ये भलतीच वाढतात. खाल्लेली जादा ऊर्जा कुठेतरी जाणारच. चरबीत जागा नसेल तर ती यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. साठवण करणारी चरबी शरीराला हवीच असते. घोळ होतो तो ही साठवण बिघडली की.

ठिणगी कुठे पडते

बिघाडाचा पहिला ठोस पुरावा १९९३ साली मिळाला. बोस्टनमध्ये गोखान होतामिसलिगिल, ब्रूस स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा रेणू शोधला. हा दाह पेटवणारा रेणू तोवर जंतुसंसर्ग आणि कर्करोगाच्या संदर्भात ओळखला जात होता. येथे ना जंतू होता, ना जखम, ना गाठ. होती ती फक्त चरबी. उंदरांमधला टीएनएफ निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचे काम सुधारले. दोन वर्षांनी लठ्ठ माणसांच्या चरबीतही टीएनएफ वाढलेला असल्याचे दिसून आले.

टीएनएफ नेमके काय करतो? मेदपेशीच्या पृष्ठभागावरच्या आपल्या ग्राहकाला तो चिकटला, की पेशीच्या आत जेएनके आणि एनएफ-कप्पा-बी असे धोक्याचे मार्ग सुरू होतात. यातला एनएफ-कप्पा-बी रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली प्रथम ओळखला होता. तो केंद्रकात जाऊन दाहाचे आणखी जनुक चालू करतो. जेएनके इन्सुलिनचा निरोप आत पोहोचवणाऱ्या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटवतो. इन्सुलिन दाराशी उभे असते, पण निरोप आत जात नाही. मग साखर बाहेरच राहते आणि पेशीत साठलेली चरबी सुटून रक्तात वाहू लागते.

एवढा टीएनएफ सोडतो कोण? सुरुवातीला संशय मेदपेशींवरच होता. २००३ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी वेगळे उत्तर दिले. लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, मोठ्या संख्येने शिरतात. कोलंबिया विद्यापीठातल्या गटाच्या मोजणीनुसार सडपातळ प्राण्यांच्या चरबीत त्या दहा टक्क्यांहून कमी असतात. लठ्ठ माणसांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. दोन वर्षांनी इटलीतल्या सावेरिओ चिंती यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकातून आणखी एक गोष्ट दाखवली. या महाभक्षक पेशी इतस्ततः विखुरलेल्या नसतात. मरून पडलेल्या मेदपेशीभोवती त्या कडे करून बसतात आणि सांडलेले तेल साफ करतात. शास्त्रज्ञांनी या रचनेला ‘मुकुट’ असे नाव दिले. नाव राजेशाही असले तरी दृश्य मयताचे आहे.

आता प्रश्न एक पायरी मागे सरकला. मेदपेशी मरतात का?

फुगणे आणि नव्याने जन्मणे

चरबी दोन प्रकारे वाढते. जुन्या मेदपेशी फुगतात, किंवा पूर्वपेशींतून नव्या मेदपेशी तयार होतात. यातला कोणता मार्ग कधी वापरला जातो हे जिवंत माणसात मोजायचे कसे? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी शीतयुद्धाचा उपयोग करून घेतला. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले कार्बन-१४ एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वेळच्या हवेतल्या कार्बनची नोंद राहते. त्यावरून मेदपेशींचे वय काढता आले. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की प्रौढ माणसात मेदपेशींची एकूण संख्या जवळपास स्थिर असते आणि दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरून तितक्याच नव्या येतात. शस्त्रक्रियेने वजन भरपूर उतरले तरी संख्या तशीच राहते. पेशी फक्त लहान होतात.

त्याला एक महत्त्वाची पुरवणी २०१० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने जोडली. स्वयंसेवकांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातले गेले. पोटाच्या त्वचेखालच्या मेदपेशी फुगल्या. मांड्यांमध्ये मात्र नव्या पेशी जन्मल्या. शरीराच्या खालच्या भागात सुमारे १.६ किलो चरबी वाढताना अंदाजे २६० कोटी नव्या मेदपेशी तयार झाल्या. म्हणजे एकाच माणसाच्या शरीरात, एकाच आहारावर, कमरेच्या वर एक नियम आणि खाली दुसरा.

फुगलेल्या पेशीची अडचण भौतिक स्वरूपाची आहे. रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू ऊतीमध्ये साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच झिरपू शकतो. मोठी झालेली मेदपेशी स्वतःच ०.१ मिलिमीटरच्या पुढे जाते. प्राणवायू अपुरा पडला, आतला ताण वाढला, की ती एमसीपी-१ सारखे रेणू सोडून महाभक्षक पेशींना बोलावून घेते आणि शेवटी मरते. लहान लहान पेशी भरपूर असल्या आणि प्रत्येकीशेजारी केशवाहिनी असली, तर तेवढीच चरबी शांत राहू शकते. तेव्हा खरे प्रश्न दोन आहेत: नव्या पेशी जन्माला घालायचा हुकूम कोण देतो, आणि रक्तवाहिन्या कोण आणतो?

अंड्यांपासून सुरू झालेली गोष्ट

वृद्धिघटकांचा इतिहास इटलीतल्या तुरीन शहरातल्या एका झोपायच्या खोलीतून सुरू होतो. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे रीता लेवी-माँतालचिनी या तरुण ज्यू संशोधिकेला विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. घरातच तिने छोटी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांच्या चेतातंतूंचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईस येथे तिला चेतापेशींना वाढवणारा घटक, एनजीएफ, सापडला. तिचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात आणखी काहीतरी असल्याचा संशय आला, कारण तो टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत होते. तो होता त्वचेच्या पेशी वाढवणारा ईजीएफ. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर वृद्धिघटकांची यादी लांबतच गेली. नावे मिळाली ती बहुतेक पहिल्यांदा जे काम दिसले त्यावरून, आणि ती पुढे अपुरी ठरली. चेतापेशींचा म्हणून ओळखला जाणारा एनजीएफ मेदपेशीही स्रवतात. इंग्लंडमध्ये पॉल ट्रेहर्न यांच्या गटाने २००४ साली उंदराच्या मेदपेशींवर टीएनएफ घातला, तेव्हा एनजीएफचा स्राव झपाट्याने वाढला. दाहाचा रेणू आला की वृद्धिघटक वाढतो, हे एक उदाहरण. वृद्धिघटक कमी पडला की दाह वाढतो, याचेही उदाहरण आहे आणि ते जास्त नाट्यमय आहे.

आधी वस्ती, मग नळ

व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारा प्रमुख घटक. कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी १९८९ साली तो वेगळा काढला. कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणारा म्हणून तो बदनाम आहे आणि त्याला रोखणारी औषधे आज कर्करोगात आणि डोळ्यांच्या पडद्याच्या आजारांत वापरली जातात. चरबीत त्याचे काम वेगळ्या अर्थाने जीवनावश्यक आहे. शहराच्या कडेला वस्ती आधी वाढते आणि नळ मागून येतो, तसे चरबीचे होऊ नये ही जबाबदारी त्याची.

२०१३ साली उंदरांच्या फक्त मेदपेशींमधून व्हीईजीएफचा जनुक काढून टाकण्यात आला. चरबीतल्या केशवाहिन्या विरळ झाल्या, प्राणवायू घटला, दाह वाढला आणि इन्सुलिन निष्प्रभ ठरू लागले. याच्या उलट प्रयोग त्याआधीच झाले होते. मेदपेशींना जादा व्हीईजीएफ बनवायला लावले, की चरबीयुक्त आहार खाऊनही उंदरांची चयापचयाची स्थिती चांगली राहत होती. इतके सरळ उत्तर मिळाल्यावर औषध बनवायला घ्यावे असे कुणालाही वाटेल.

पण डॅलसमध्ये फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ सालीच त्यात मेख मारून ठेवली होती. लठ्ठपणा यायच्या आधीपासून व्हीईजीएफ मिळाला तर फायदा होतो, हे त्यांनाही दिसले. मात्र आधीच अतिलठ्ठ असलेल्या, चरबी पुरती बिघडलेल्या उंदरांमध्ये व्हीईजीएफ रोखल्यावर चयापचय सुधारला. घटक तोच, ऊतीही तीच, फक्त वेळ बदलली आणि परिणाम उलटा झाला. बिघडलेल्या चरबीला रक्त पुरवत राहणे म्हणजे बिघाडालाच खुराक देणे होते.

विस्मृतीतला घटक

एफजीएफ-१ ची गोष्ट आणखी मजेदार आहे. हा वृद्धिघटक १९७० च्या दशकापासून माहीत असलेल्या एका मोठ्या कुळातला पहिल्या क्रमांकाचा सदस्य. पण त्याचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांना काहीच होत नसे. दिसायला धडधाकट, वागायला नेहमीसारखे. त्यामुळे शरीराला त्याची फारशी गरज नसावी असा समज रूढ झाला.

याला पहिला धक्का माणसाच्या पेशींनी दिला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे लुईस हटली आणि सहकाऱ्यांनी मानवी चरबीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवल्या आणि त्यांनी स्रवलेला द्रव मानवी पूर्वपेशींवर घातला. पूर्वपेशी जोमाने वाढल्या आणि मेदपेशींत रूपांतरित झाल्या. या द्रवातला महत्त्वाचा घटक एफजीएफ-१ आहे, असे त्यांनी २००४ साली मांडले. रक्तवाहिनी केवळ प्राणवायू आणत नव्हती, शेजारी नवी मेदपेशी जन्माला घालायचा निरोपही तीच देत होती.

दुसरा धक्का २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेतून आला. रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने एफजीएफ-१ नसलेल्या त्याच धडधाकट उंदरांना चरबीयुक्त आहारावर ठेवले आणि त्यांना तीव्र मधुमेह झाला. त्यांची चरबी नीट पसरू शकली नाही. रक्तवाहिन्यांचे जाळे बिघडले, पेशींचे आकार वेडेवाकडे झाले आणि दाह वाढला. साध्या जेवणावर ज्याची उणीव कधी भासली नव्हती, तो घटक सुबत्तेच्या दिवसांत अत्यावश्यक ठरला. पीपीएआर-गॅमा हा मेदपेशी घडवणारा मुख्य नियंत्रक एफजीएफ-१ ला हुकूम देतो, हेही त्यात कळले. मधुमेहाची ग्लिटाझोन वर्गातली औषधे याच नियंत्रकावर काम करतात.

२०१४ साली याच संस्थेने मधुमेही उंदरांना एफजीएफ-१ चे एकच इंजेक्शन दिले. साखर दोन दिवसांहून जास्त काळ आटोक्यात राहिली आणि ती धोक्याच्या पातळीखाली घसरलीही नाही. वृद्धिघटक म्हटले की पेशींच्या विभाजनाची आणि पर्यायाने कर्करोगाची भीती असते. म्हणून संशोधकांनी रेणूच्या सुरुवातीचा तुकडा कापून टाकला. विभाजनाचा हुकूम गेला, साखर उतरवण्याचा गुण राहिला. हे सर्व उंदरांत झाले, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते.

तंतूंचे जाळे

प्रत्येक वृद्धिघटक इतका उपकारी नसतो. टीजीएफ-बीटा हा दाहाचा लगाम आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या पहिल्या प्रकाराचा जनुक नसलेले उंदीर तयार केले गेले. ती पिल्ले जन्मली, पण साधारण तीन आठवड्यांतच अनेक अवयवांत उसळलेल्या दाहाने मेली. एवढा प्रभावी शामक चरबीत वाढला तर दाह कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात लठ्ठ चरबीत तो वाढतो तेव्हा दोन नुकसानकारक कामे करतो. पूर्वपेशींना मेदपेशी होण्यापासून रोखतो आणि कोलॅजेनचे तंतू विणायला लावतो. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली मेदपेशी फुगूही शकत नाही आणि तिच्याशेजारी नवीन जन्मूही शकत नाही. तिच्यावरचा ताण वाढतो आणि दाह पुन्हा डोके वर काढतो.

तंतू विणतात कोण, हेही आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पीडीजीएफ या वृद्धिघटकाचा अल्फा ग्राहक बाळगणाऱ्या काही पूर्वपेशी मेदपेशी होण्याऐवजी तंतू बनवण्याकडे वळतात. पॅरिसमध्ये कारीन क्लेमाँ यांच्या गटाने हे उंदरांसोबत माणसांच्या चरबीतही दाखवले. आणि याच पीडीजीएफ घराण्यातला दुसरा सदस्य, पीडीजीएफ-सीसी, अगदी वेगळेच काम करतो. २०२१ साली ‘सायन्स’ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेदेरिक गाइसमान यांच्या गटाने दाखवले, की चरबीत कायम वस्तीला असलेल्या महाभक्षक पेशी आहार पाहून तो स्रवतात आणि मेदपेशींना तेल साठवायला सांगतात. तो रोखला, की साठवण घटते. म्हणजे ज्यांना खलनायक ठरवले त्या महाभक्षक पेशींपैकी काही साठवणीच्या कामात मेदपेशींच्या मदतनीस निघाल्या. लठ्ठपणात बाहेरून घुसलेल्या वेगळ्या आणि मूळच्या रहिवासी वेगळ्या, हा फरक त्यानंतर बारकाईने पाहिला जाऊ लागला.

शेरर यांच्या प्रयोगशाळेने याआधी, २०१४ साली, आणखी एक अडचणीचा निष्कर्ष मांडला होता. मेदपेशींमधला दाह जनुकीय युक्तीने दाबून टाकलेल्या उंदरांची तब्येत सुधारायला हवी होती. उलट त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही, यकृतात तेल साचले आणि इन्सुलिनला प्रतिरोध वाढला. थोडा, थोड्या वेळाचा दाह ऊतीला नवी रचना करायला मदत करतो. जखम भरताना जसा तो लागतो, तसाच चरबी पसरतानाही. वर्षानुवर्षे विझत नाही तो दाह घातक.

औषधांच्या वाटेवर

हे गुंतागुंतीचे नाते लक्षात घेतले, की काही जुन्या अपयशांचा उलगडा होतो. टीएनएफ हा गुन्हेगार असेल तर त्याला अडवले की मधुमेह सुधारावा. १९९६ साली लठ्ठ मधुमेही रुग्णांना टीएनएफ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे देऊन पाहण्यात आली. इन्सुलिनच्या कामात काहीही फरक पडला नाही. पुढे कॅन्टोस या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे कॅनाकिनुमॅब वापरले गेले. हृदयविकाराच्या घटना घटल्या. नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण मात्र घटले नाही. उंदरांत झगमगलेली कल्पना माणसांत मंद पडते, त्याची ही दोन ठळक उदाहरणे. दाहाचा एक रेणू काढला तरी फुगलेली पेशी, कमी पडलेली केशवाहिनी आणि विणले गेलेले तंतू जागच्या जागी राहतात.

म्हणून काही कंपन्या दाहाऐवजी वृद्धिघटकांकडे वळल्या आहेत. एफजीएफ-२१ मुख्यतः यकृतात तयार होतो, पण मेदपेशींवर त्याचा परिणाम होतो आणि त्या अॅडिपोनेक्टिन हे दाह शमवणारे संप्रेरक जास्त सोडू लागतात. त्याच्यावर बेतलेली एफ्रुक्सिफर्मिन आणि पेगोझाफर्मिन ही औषधे यकृतातल्या चरबीच्या आजारासाठी मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांवर किती विसंबावे, हा प्रश्न या क्षेत्रात सतत डोके वर काढतो. प्रयोगांत बहुधा पूर्वपेशींना इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आणखी दोनतीन रसायने देऊन बशीत मेदपेशी बनवल्या जातात. अशा पेशींत पुष्कळदा अनेक छोटे तेलबिंदू असतात. माणसाच्या शरीरातल्या मेदपेशीत एकच मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला ढकललेले असते. शिवाय बशीत रक्तवाहिनी नसते, महाभक्षक पेशी नसते, पोटाची चरबी आणि मांडीची चरबी असा भेद टिकेलच याची खात्री नसते. एकाच वृद्धिघटकाचे दोन गटांनी सांगितलेले परिणाम कधी कधी जुळत नाहीत, त्यामागे हेही कारण असते.

बारीक दिसणाऱ्यांची चरबी

या सगळ्याचा भारतीय शरीराशी थेट संबंध आहे. टेक्सासमध्ये दक्षिण आशियाई आणि गोऱ्या पुरुषांची तुलना करणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. शरीरातली एकूण चरबी सारखी असूनही दक्षिण आशियाई पुरुषांच्या त्वचेखालच्या मेदपेशी बऱ्याच मोठ्या होत्या, अॅडिपोनेक्टिन कमी होते आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होता. चरबी जास्त नव्हती, फुगलेली होती.

याची मुळे जन्माआधी जातात, असे पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बांध्याला ‘थिन-फॅट’ म्हटले. हात-पाय काडीसारखे, पण चरबीचा वाटा मोठा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. त्यातल्या कित्येकांना कुणी लठ्ठ म्हणणार नाही. भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी खाली ठेवली गेली, ती याच अनुभवातून.

धुमसणारी चरबी पुन्हा शांत होते का? पॅरिसच्या गटाने बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या अतिलठ्ठ रुग्णांच्या त्वचेखालच्या चरबीचे नमुने आधी आणि तीन महिन्यांनी तपासले. महाभक्षक पेशी कमी झाल्या होत्या, त्यांना बोलावणाऱ्या रेणूंचे जनुक मंदावले होते. इतक्या थोड्या काळात दाह एवढा उतरतो हे आशादायक होते. पण २०१० साली याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्यांच्या त्वचेखालच्या चरबीत शस्त्रक्रियेआधीच तंतू जास्त विणले गेले होते, त्यांची चरबी नंतर कमी प्रमाणात उतरली. महाभक्षक पेशी काही आठवड्यांत निघून जाऊ शकतात. कोलॅजेनचे जाळे इतक्या लवकर सुटत नाही. त्यामुळे संशोधकांचे लक्ष आता दाह कसा विझवावा याइतकेच, टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ तंतू विणायला लावण्याआधी चरबीतला बदल ओळखता येईल का, याकडेही लागले आहे.